बैल जाण्याआधीचा झोपा : 'चक दे! इंडिया' आणि गेलेल्या चेंडूची गोष्ट

'चक दे! इंडिया' एका पेनल्टी स्ट्रोकनं सुरू होतो आणि पेनल्टी स्ट्रोकवरच संपतो. सुरुवातीला कबीर खानचा फटका गोलच्या वरून जातो आणि भारत पाकिस्तानविरुद्धची फायनल हरतो. शेवटी विद्या शर्मा ऑस्ट्रेलियाचा फटका अडवते आणि भारत वर्ल्डकप जिंकतो. 2007 सालचा हा सिनेमा आपल्या पिढीनं इतक्या वेळा पाहिलाय की त्यातले संवाद झोपेतही म्हणता येतील. 15 ऑगस्ट आला की कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर तो असतोच.

आता पेनल्टी स्ट्रोकचा नियम बघा. फटका मारणारा आणि गोलरक्षक सोडून बाकी सगळ्यांनी 23 मीटरच्या रेषेबाहेर थांबायचं. म्हणजे मैदानावरच्या 22 जणांपैकी 20 जण त्या वेळी आपल्यासारखेच प्रेक्षक असतात. संघ नावाची गोष्ट ज्या क्षणी बाजूला उभी केली जाते, असा हॉकीतला हा अगदी मोजका प्रसंग. आणि संघभावनेवरचा आपला सगळ्यात लाडका सिनेमा नेमका तिथून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

याला बाल की खाल म्हणू नका. या सिनेमानं आपल्याला हॉकी कशी बघायची ते शिकवलं. ज्यांनी आयुष्यात कधी हातात स्टिक धरली नाही, अशा लाखो लोकांची हॉकीची पहिली आणि शेवटची ओळख हीच. माझं म्हणणं असं, की या ओळखीत एक मोठं भोक आहे. चेंडू आपल्याकडे असताना काय होतं ते सिनेमा छान दाखवतो. चेंडू अचानक गेल्यावर काय होतं, ते मात्र त्याला जवळपास दिसतच नाही. आणि सामने हरले-जिंकले जातात ते पुष्कळदा तिथेच.

चेंडू जातो तेव्हा

हॉकीचं मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. त्यात एका बाजूचे गोलरक्षक सोडून 10 जण. आपल्याकडे चेंडू असतो तेव्हा हे दहा जण मुद्दाम पांगलेले असतात. कडेचे खेळाडू रेषेला चिकटून, बचावफळी मधल्या रेषेपर्यंत वर सरकलेली, एखादा हाफ थेट आघाडीत घुसलेला. पांगलं की मोकळी जागा मिळते आणि जागा मिळाली की पास मिळतो. पण त्याच क्षणी चेंडू गेला तर? जे पांगणं आत्तापर्यंत आपलं बळ होतं, तेच भगदाड होतं. चढाईसाठी सगळ्यात चांगली मांडणी बचावासाठी सगळ्यात वाईट असते, आणि एकीतून दुसरीत जायला मिळतात साधारण पाच सेकंद.

हे पाच सेकंद पूर्वीपेक्षा आज महाग झालेत, आणि त्याला नियम कारणीभूत आहेत. 1998 पासून हॉकीत ऑफसाइड नाही. त्यामुळे समोरचा आघाडीपटू खुशाल आपल्या डीपाशी उभा राहून वाट बघू शकतो. त्याआधी 1976 मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली. 1928 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक घेऊन येणारा भारत तिथे सातवा आला. गवतावर चुकलेला पास थोडा रेंगाळतो. टर्फवर तो रेंगाळत नाही, सरळ समोरच्याच्या स्टिकवर जातो. आणि 2009 पासून फ्री हिट मिळालेला खेळाडू दुसऱ्याची वाट न बघता स्वतःच चेंडू पुढे घेऊन पळू शकतो. पूर्वी घाईघाईनं फाउल करून दोन श्वास विकत घेता यायचे, आता तेही मिळत नाहीत. उलट हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं आणि पिवळं मिळालं तर किमान पाच मिनिटं एक माणूस बाहेर.

मग या पाच सेकंदांत करायचं काय? ज्याच्या हातून चेंडू गेला त्याला वाटतं, आत्ताच्या आत्ता परत हिसकावावा. मनात शरम असते, अंगात राग असतो. तो झेप घेतो, स्टिक भिरकावतो आणि समोरचा त्याला एका हुलकावणीत मागे टाकतो. आता एक माणूस कायमचा खेळाबाहेर. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी घाई न करणं शिकवतात. सगळ्यात जवळ असलेल्यानं स्टिक खाली ठेवून चेंडू आणि गोल यांच्या मध्ये यायचं, समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. चेंडू परत मिळाला तर उत्तम, पण त्याचं खरं काम वेळ काढणं. दुसऱ्यानं सगळ्यात सोप्या पासची वाट अडवायची. आणि उरलेल्यांनी पळायचं, चेंडूच्या दिशेनं नाही, स्वतःच्या गोलच्या दिशेनं, मैदानाच्या मधोमध. हे बोलायला सोपं, करायला भयंकर अवघड. सगळं लक्ष चेंडूकडे ओढ घेत असताना मान वळवून बघत उलट्या दिशेला धाव घ्यायची. शिवाय या धावेला टाळी नाही. तुम्ही वेळेत पोचलात तर समोरचा पासच देत नाही, म्हणजे काही घडतच नाही. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार?

आणि या सगळ्याच्या आधीचं एक काम असतं. आपली चढाई चालू असतानाच मागे दोन-तीन जणांनी समोरच्या आघाडीपटूंना खेटून थांबायचं, चेंडू जाणारच आहे असं धरून. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो. झोपा म्हणजे गोठ्याचं कुडाचं दार. हॉकीत झोपा बैल दावणीला असतानाच करावा लागतो. चेंडू गेल्यावर दार शोधायला गेलात तर पाच सेकंद पुरत नाहीत.

सत्तर मिनिटांचा हिशेब

ही दृष्टी घेऊन 'चक दे' पुन्हा बघितला की काय दिसतं?

आधी श्रेय देऊ. हा आळशी सिनेमा नाही. दिग्दर्शक शिमित अमीन आणि लेखक जयदीप साहनी यांनी हॉकीला गाण्यांच्या मधली फोडणी म्हणून वापरलेलं नाही. मुलींना खेळ शिकवायला माजी आंतरराष्ट्रीय गोलरक्षक मीररंजन नेगी होते, खेळाची दृश्यं बसवायला रॉब मिलर होते. त्यामुळे स्टिक धरण्यात, वाकण्यात, पळण्यात खोटेपणा जाणवत नाही. कोरियाविरुद्धच्या सामन्यात तर सिनेमा काही मिनिटं खराखुरा डावपेच दाखवतो. कोरियाच्या मुली एकेकीला चिकटून खेळतात, आपली चाल गुदमरते, आणि ती गाठ सोडवायला बिंदिया नाईक लागते. तो भाग कंटाळवाणा झालाय का? अजिबात नाही. म्हणजे चेंडूपासून लांब चाललेलं भांडणसुद्धा पडद्यावर रंगतं, हे याच सिनेमानं सिद्ध केलंय.

पण असं तो मुख्यतः एकदाच करतो. एरवी त्याची शिकवण एका वाक्यात सांगता येते : चेंडू स्वतःजवळ ठेवू नका, दुसरीला द्या. कोमल चौटाला आणि प्रीती सभरवाल यांची चढाओढ, गोल कुणाच्या नावावर लागणार यावरून रुसवे, आणि फायनलमध्ये कोमलनं प्रीतीला दिलेला पास. त्या पासवर थिएटरात शिट्ट्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. मात्र ही चेंडू असतानाची नीती आहे. चेंडू गेल्यावर कोमलनं काय करायचं? प्रीतीच्या हातून चेंडू गेला तर तिच्यासाठी उलटं कोण पळणार? सिनेमाकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण त्याला हा प्रश्नच पडत नाही.

कबीर खानचं सत्तर मिनिटांचं भाषण आठवा. तेव्हा सामना 35 मिनिटांच्या दोन भागांचा असायचा, म्हणून सत्तर. आता एक साधा भागाकार करू. गोलरक्षक सोडून मैदानावर दोन्हीकडचे मिळून 20 जण. चेंडू एक. तो सगळ्यांना समान वाटला, मधले थांबे धरलेच नाहीत, तरी प्रत्येकीच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. उरलेली साडेसहासष्ट मिनिटं तुमच्याजवळ चेंडू नसतो. ज्या सत्तर मिनिटांसाठी आपल्या अंगावर काटा येतो, त्यातली बहुतेक मिनिटं बिनचेंडूची आहेत. त्या मिनिटांत काय करायचं, यावर भाषणात एक अक्षर नाही.

कुणी म्हणेल, सिनेमाला चेहरा लागतो, उलट पळणाऱ्या सात जणींचा क्लोजअप कसा घेणार? मान्य. पण क्लोजअप घेण्याच्या या सवयीचा एक परिणाम होतो, आणि तो निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही. चेंडू जातो, लगेच समोरच्यांचा गोल दिसतो, मग प्रशिक्षकाचा चेहरा, मग एका मुलीची खाली गेलेली मान. ही मांडणी न बोलता एक गोष्ट सांगते : गोल झाला कारण हिची चूक झाली. मधले पाच सेकंद कापले की उरतो तो गुन्हेगार.

सात गोल आणि एक फटका

याच ठिकाणी नेगींची गोष्ट महत्त्वाची ठरते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हॉकीची फायनल भारत-पाकिस्तान अशी झाली. भारत 1-7 असा हरला. गोलमध्ये होते मीररंजन नेगी. सात गोल झाले, म्हणून पुढची कित्येक वर्षं देशानं त्यांच्याकडे बोट दाखवलं. पैसे खाल्ले, विकला गेला, गद्दार, सगळं म्हणून झालं. पुढे हेच नेगी 1998 ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या, आणि 2002 ला मँचेस्टरमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या प्रशिक्षक मंडळात होते.

'चक दे' हे नेगींचं चरित्र नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. खऱ्या आयुष्यात गोलरक्षकावर सात गोल झाले. सात गोल एकट्या माणसाला करून घेता येत नाहीत. गोलरक्षकासमोर मोकळा आघाडीपटू येतो, तेव्हा त्याच्या आधी कुठेतरी चेंडू गेलेला असतो, कुणीतरी परत पळालेलं नसतं, कुठलातरी झोपा उघडा राहिलेला असतो. गोलरक्षक हा या साखळीचा शेवटचा दुवा, आणि सगळ्यात जास्त दिसणारा. सिनेमात या सात गोलांच्या जागी काय आलं? आघाडीपटूचा एक चुकलेला पेनल्टी स्ट्रोक. ज्यात खरोखरच दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

म्हणजे कबीर खानवर अन्याय झाला तो त्याच्या धर्मामुळे, त्याच्या हस्तांदोलनाचा वाकडा अर्थ काढल्यामुळे, हे सिनेमा धीटपणे सांगतो. ते धाडस मोठंच. पण 'याच्यामुळे हरलो' हे मूळ विधान मात्र तो खोडत नाही. त्या फायनलमध्ये भारत आधीच 0-1 असा मागे होता. तो गोल कसा झाला? चेंडू कुठे गेला होता? मागे कोण होतं? सिनेमात हे कुणीच विचारत नाही, कबीरही नाही. सात वर्षांनी तो वर्ल्डकप जिंकून स्वतःला निर्दोष ठरवतो. पण हरल्यावर निर्दोष ठरायला पुढे जिंकावं लागत असेल, तर जे पुन्हा कधी जिंकले नाहीत त्यांचं काय?

उभा फोन

2007 मध्ये निदान टीव्ही आडवा होता. आज आपण हॉकी बघतो ती बहुतेक वेळा उभ्या फोनवर, तीस सेकंदांच्या रीलमध्ये. आडव्या चित्रातून उभा तुकडा कापताना मध्यभागी ठेवतात चेंडू. दोन्ही कडा जातात. आणि परत पळणारे, वाट अडवणारे, हात करून ओरडणारे असतात ते नेमके या कडांवर. पूर्ण लांबीच्या हायलाइट्समध्येही गोलची गोष्ट सुरू होते शेवटच्या पासपासून. त्याआधी दहा सेकंद मधल्या रेषेवर चेंडू कसा सुटला, ते संपादकानं आधीच कापलेलं असतं. सिनेमानं लावलेली सवय फोननं पक्की केली.

याचा पुरावा आपल्या आठवणीत सापडतो. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडनं अगदी शेवटी बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. 2016 ला रिओमध्ये जर्मनीच्या क्रिस्तोफर रूरनं तीन सेकंद उरलेले असताना गोल केला आणि आपण 1-2 हरलो. हातातोंडाशी आलेला घास गेल्याची ही उदाहरणं कुठल्याही चाहत्याला पाठ असतात. किती सेकंद उरले होते तेही पाठ असतं. चेंडू आपल्याकडून कुठे आणि कसा सुटला, हे मात्र विचारून बघा. आपल्याला घड्याळ आठवतं, मैदान आठवत नाही.

चांगल्या आठवणींचंही तेच. मराठी माणसाला हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. केस उडवत, दोन-तीन जणांना चकवत निघालेला. आठवायलाच हवा, चार ऑलिंपिक खेळलेला माणूस आहे तो. पण 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याच संघात मुंबईचा वीरेन रस्किन्हाही होता, हाफच्या जागेवर. हाफचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या गेलेल्या चेंडूमागे जातं. पुढचा खेळाडू बेधडक चकवायला जाऊ शकतो, कारण आपल्या मागे कोणीतरी आहे हे त्याला ठाऊक असतं. धनराजच्या धावा आजही फिरतात. हाफच्या धावांची रील कुणी बनवत नाही.

खापर

आता यात खरंच काय पणाला लागलंय ते सांगतो. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलींनी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवलं. गुरजित कौरनं 22व्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला सगळा वेळ संघानं तो एक गोल सांभाळला. 'चक दे' खरा झाला असं तेव्हा सगळे म्हणाले, शाहरुखलाही त्यात ओढून झालं. दोनच दिवसांनी उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून 1-2 हार झाली. त्यानंतर हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घराबाहेर काही जणांनी फटाके फोडले आणि जातिवाचक शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या कुटुंबानं केली. पोलिसात गुन्हा नोंदला गेला. ही तीच वंदना, जिनं चारच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू.

त्या दारात जाणाऱ्यांना डावपेच शिकवले असते तर ते गेले नसते, असा भाबडा दावा मी करत नाही. जात आपल्याकडे हॉकीच्या नियमपुस्तकापेक्षा फार जुनी आहे. नेगींच्या वेळी देशद्रोह शोधला गेला, कबीरच्या बाबतीत धर्म, वंदनाच्या बाबतीत जात. खापर फोडायला डोकं कुणाचं निवडायचं हे समाज आधीच ठरवून ठेवतो. पण 'हार म्हणजे एका कुणाचातरी गुन्हा' ही समजूत त्याला डोकं शोधायला मोकळीक देते. आणि ही समजूत आपल्याला दर रविवारी दुपारी, गाण्यांसकट, मोठ्या प्रेमानं दाखवली जाते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी बैठक होते, तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. चांगल्या टीममध्ये या बैठकीचा एकच नियम असतो : बटण कुणी दाबलं हे विचारायचं नाही, एका बटणानं सगळं कोसळू कसं शकलं हे विचारायचं. हा नियम दयाळूपणातून आलेला नाही. नाव सापडलं की शोध थांबतो, आणि तीच गोष्ट पुढच्या महिन्यात पुन्हा घडते, हे अनुभवातून कळलेलं शहाणपण आहे. हॉकीतही पास चुकतात, कधीकधी अगदी मूर्खासारखे चुकतात. चूक नसतेच असं कोण म्हणतं? पण चेंडू प्रत्येक संघाचा, प्रत्येक सामन्यात, पुन्हा पुन्हा जातो. एका चुकीचा गोल होतो आणि दुसऱ्या तशाच चुकीचं काहीच होत नाही, हा फरक चूक करणाऱ्यामुळे पडत नाही. तो बाकीच्या दहा जणांमुळे पडतो.

दहा जण

असा सिनेमा करता येईल का? त्याची गोष्ट तयारच आहे. 4 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रेट ब्रिटन. 17व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली जवळपास 43 मिनिटं भारताला दहा जणांनिशी खेळायचं होतं. 22व्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगनं गोल केला, 27व्या मिनिटाला ब्रिटननं बरोबरी केली. त्यानंतरचा संपूर्ण उत्तरार्ध, 30 मिनिटं, एक माणूस कमी असताना भारतानं एकही गोल होऊ दिला नाही. सामना शूटआउटवर गेला आणि आपण 4-2 जिंकलो. नंतर कांस्यपदकही आलं.

विचार करा, त्या तीस मिनिटांत काय चाललं असेल. चेंडू मिळवायचा, पण त्यामागे सगळ्यांनी धावायचं नाही, कारण तो पुन्हा जाणार आणि मागे एक माणूस आधीच कमी आहे. आघाडीच्या खेळाडूनंही बचावपटूच्या जागी येऊन उभं राहायचं. झेप घ्यायची नाही, कारण आणखी एक कार्ड परवडणार नाही. मध्य सोडायचा नाही, समोरच्यांना कडेनं फिरवत ठेवायचं. मागून श्रीजेशचा आवाज. या अर्ध्या तासात नायक कोण, हे सांगताच येत नाही. आणि त्या दिवसाची सगळ्यात जास्त फिरलेली रील कुठली? शूटआउटची. एक मारणारा, एक अडवणारा, बाकी सगळे मधल्या रेषेवर हातात हात घालून उभे. पुन्हा तीच दोन माणसांची हॉकी. 'चक दे'नं दाखवलेली.

त्याआधी टोकियोत, 5 ऑगस्ट 2021 ला, पुरुषांच्या कांस्यपदकाच्या सामन्यात 24व्या आणि 25व्या मिनिटाला जर्मनीनं लागोपाठ दोन गोल केले. आपण 1-3 मागे पडलो. बचावातल्या चुका त्यात उघड दिसत होत्या. जुन्या सवयीनं त्या दोन मिनिटांतून दोन नावं काढता आली असती, आणि हरलो असतो तर ती निघालीही असती. पण 29व्या मिनिटाला 3-3 झालं होतं, आणि सामना आपण 5-4 जिंकला. त्या चुका आता कुणाच्या लक्षात नाहीत. चुका तेवढ्याच होत्या, निकाल बदलला म्हणून खापर फुटलं नाही. आपल्या न्यायबुद्धीची एवढीच किंमत.

नजर आपल्याकडे आहे

मी गंगाखेडचा. आमच्या भागात हॉकी टीव्हीवरची आणि कबड्डी समोरची. कबड्डी बघणाऱ्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. चढाईपटू आत आला की कोपऱ्यातला पोरगा उतावीळपणे पायात घुसतो, गुण देऊन बसतो, आणि रेषेबाहेरून आवाज येतो : अरे येऊ दे की त्याला! नंतर ते कोपऱ्यातल्याला एक शिवी घालतात, पण दोन शिव्या शेजारच्या कव्हरला घालतात. तू कुठं होतास म्हणून. एकाची पकड सुटली तर ती साखळीची पकड होती, हे त्यांना दिसतं, कारण कबड्डीचं सगळं मैदान एका नजरेत मावतं. म्हणजे नजर आपल्याकडे आहे. हॉकीसाठी ती वापरायची संधी पडद्यानं दिली नाही, एवढंच.

संधी फार लांबही नाही. शेजारच्या नांदेडला गुरू गोबिंदसिंगजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, देशभरातले संघ येतात. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की तिथे कॅमेरा तुमच्यासाठी काही कापत नाही. आणि जाणं जमलं नाही तरी पुढच्या वेळी फोन आडवा धरून पूर्ण सामना लावा, आणि चेंडू गेला की एक गोष्ट करा : चेंडूकडे बघू नका. ज्याच्याकडून गेला त्याच्याकडेही नको. चित्राच्या कडेला बघा. सगळ्यात लांबचा खेळाडू कुठे पळतोय? पळतोय का? पहिल्या दोन-तीन वेळा चुकल्यासारखं वाटेल, मग सामना वेगळाच दिसायला लागेल.

'चक दे' पुन्हा लागेलच, मीही बघेन. कोमलच्या त्या पासवर मलाही दर वेळी आवंढा येतो. फक्त कबीर खानचा स्ट्रोक हुकतो आणि स्टेडियम गप्प होतं, तेव्हा मनात एक प्रश्न येतो : ठीक आहे, हा फटका वरून गेला, पण पाकिस्तानचा तो आधीचा गोल झाला तेव्हा चेंडू कुणाकडून गेला होता, आणि बाकीचे नऊ जण कुठे होते? हा प्रश्न त्या स्टेडियममधल्या निम्म्या लोकांनी विचारला असता, तर भिंतीवर 'गद्दार' लिहायला हात एवढ्या सहज उठले नसते.